डावीकडे पाहणारे गवई

वर्षाला साधारण ४० कार्यक्रम, अशी पाच वर्षं. फ्रँक झॅपाने हा गुणाकार केला आणि त्यातून चित्रपटाचं नाव निघालं: ‘२०० मोटेल्स’. ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ हा त्याचा रॉक बँड अमेरिकेतल्या हमरस्त्यांलगतच्या मोटेलांत मुक्काम करायचा. खोली तशीच, टॉवेल तसेच, समोरच्या खाणावळीतलं जेवणही तेच. बदलायची ती फक्त गावाच्या नावाची पाटी. कार्यक्रम आटोपला की बाकीची मंडळी गावात भटकायला निघत. झॅपा खोलीत बसून मोठ्या वाद्यवृंदासाठी नोटेशन लिहीत असे.

१९७१ साली पडद्यावर आलेल्या या विनोदी चित्रपटात ह्या दोन्ही गोष्टी आहेत: भटकणाऱ्यांची बडबड आणि खोलीत लिहिलेलं संगीत. सेंटरव्हिल नावाचं एक काल्पनिक गाव, तिथे येऊन पडलेला बँड आणि ‘दौऱ्यामुळे माणसाचं डोकं फिरतं’ हे एकच विधान, एवढ्या भांडवलावर तो ९८ मिनिटं चालतो. पुष्कळ जण पहिल्या वीस मिनिटांतच हात टेकतात. जे टिकतात ते मात्र त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळतात. ‘विस्कळीत’ हा शेरा त्याला कायमचा चिकटला आहे आणि मला तो अन्यायाचा वाटतो. हा चित्रपट अपुरा राहिलेला आहे. कुठे, किती आणि का अपुरा राहिला हे कळलं, की त्यातला गोंधळ बराच निवळतो.

या संगीताचा मुंबईशी एक धागा आहे. पडद्यावर येण्याआधी ते पहिल्यांदा जाहीरपणे वाजलं ते १५ मे १९७० रोजी, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या पॉली पॅव्हिलियन या बास्केटबॉलच्या बंदिस्त मैदानात. बँडच्या जोडीला होता लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद आणि संचालन करत होते झुबिन मेहता. मुंबईत जन्मलेले, बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणाऱ्या मेहली मेहतांचे चिरंजीव. रॉकवाल्याने लिहिलेले कागद आपल्या वादकांसमोर ठेवायला त्या काळी धाडस लागत होतं, आणि मेहतांनी ते दाखवलं. त्या रात्री श्रोत्यांत मार्क व्होलमन आणि हॉवर्ड केलन होते. ‘टर्टल्स’ हा त्यांचा लोकप्रिय बँड तेव्हा मोडला होता. कार्यक्रमानंतर ते झॅपाला भेटले आणि पुढे त्याच्या बँडचे मुख्य गायक झाले. जुन्या करारांमुळे स्वतःच्या नावाने गाता येईना, म्हणून ‘फ्लो आणि एडी’ अशी नावं त्यांनी घेतली. चित्रपटातला बहुतेक हशा या दोघांच्या गळ्यावर आणि अंगविक्षेपांवर उभा आहे.

संहिता कशी लिहिली हे समजल्याशिवाय हा विनोद लागत नाही. बँडमधली माणसं गाडीत, खोलीत, रंगमंचामागे जे बोलत ते झॅपा टिपून ठेवायचा, कधी टेपवरही घ्यायचा. पैशांवरून कुरकुर, बायकांच्या मागे लागणं, ‘आपण आपला वेगळा बँड काढू’ अशी कुजबुज, हे सगळं त्याने संवाद म्हणून लिहून त्याच माणसांच्या हातात दिलं. त्यामुळे पडद्यावर वादक स्वतःच्याच तक्रारी पाठ करून म्हणताना दिसतात. एका प्रसंगात ते दबक्या आवाजात एकमेकांना बजावतात की तो ऐकतोय, तो सतत ऐकत असतो आणि त्यातूनच आपला माल काढतो. हे वाक्यही लिहून दिलेलं आहे, आणि म्हणणाऱ्याला ते खरंही वाटतं.

झॅपा स्वतः जवळजवळ दिसतच नाही. बँड वाजत असताना गिटारसह कुठेकुठे तेवढा दिसतो. त्याच्या जागी आहे बीटल्सचा रिंगो स्टार: झॅपाची मिशी, हनुवटीवरचा तो ठरावीक केसांचा पुंजका, आणि पात्राचं नाव लॅरी द ड्वॉर्फ. तो तारेला लटकून हातात दिवा घेऊन सेटवर उतरतो. सूत्रधाराचं काम थिओडोर बाइकेलकडे आहे. रंगभूमीवर मुरलेला हा नट कधी टीव्हीवरचा निवेदक होतो, कधी सैतान. ‘द हू’ या बँडचा ड्रमर कीथ मून ख्रिस्ती जोगीण झाला आहे. बँडचा जुना ड्रमर जिमी कार्ल ब्लॅक हा अमेरिकेतल्या मूळनिवासी वंशाचा; त्याने दारू पिऊन दमदाटी करणाऱ्या गोऱ्या काउबॉयचं काम केलं आहे आणि त्या पात्राचं गाणं म्हणताना तो सगळ्यांना खाऊन टाकतो. दौऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्या रोड मॅनेजरच्या वाट्याला व्हॅक्यूम क्लीनरची भूमिका आली आहे.

चित्रीकरणाच्या तोंडावरच बास गिटार वाजवणारा जेफ सिमन्स बँड सोडून गेला. त्याच्या पात्रासाठी ब्रिटिश नट विल्फ्रिड ब्रॅम्बेल आणला, तोही तालमीतून चिडून निघून गेला. मग झॅपाने जाहीर केलं की आता दारातून जो पहिला आत येईल त्याला ही भूमिका. आत आला तो रिंगोचा ड्रायव्हर, मार्टिन लिकर्ट. योगायोग असा की त्याला बास वाजवता येत होती. आणि जेफचं सोडून जाणंही वाया गेलं नाही. ‘मी या विनोदी बँडमध्ये कशाला कुजतोय’ ही त्याची घालमेल चार्ल्स स्वेन्सनने केलेल्या ॲनिमेशनच्या तुकड्यात आली आहे. मोटेलचे टॉवेल आणि ॲशट्रे लांबवू की नको, यावर त्याचं भलं मन आणि वाईट मन भांडतात. चित्रपट प्रथमच पाहणाऱ्याने या तुकड्यापासून सुरुवात केली तरी बिघडत नाही. सगळ्यांत आखीवरेखीव भाग तोच आहे, कारण तो सेटवर घड्याळाशी झुंजत केलेला नाही.

घड्याळाचा हिशोब सरळ आहे. युनायटेड आर्टिस्ट्स या चित्रपट कंपनीने दिलेले ६,७९,००० डॉलर, लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत सात दिवस, दिवसाचे आठ तास, म्हणजे एकूण ५६ तास. ९८ मिनिटांच्या चित्रपटाला भागलं तर पडद्यावरच्या एका मिनिटासाठी सेटवर सुमारे ३४ मिनिटं मिळाली. त्यातच प्रकाशयोजना, रंगभूषा, वादकांना जागेवर बसवणं, सूर मिळवणं आणि चुकलं तर पुन्हा घेणं. रॉयल फिलहार्मोनिक हा पूर्ण वाद्यवृंद, कोरस आणि रॉक बँड एका ठिकाणी आणून हे करायचं होतं. जवळपास एक तृतीयांश संहिता चित्रित झालीच नाही. एखादं पात्र अचानक कुठून आलं, एखादा प्रसंग मध्येच का तुटला, असं वाटतं तिथे बहुतेकदा त्या आधीचा प्रसंग घ्यायचा राहून गेलेला असतो. जे हाती लागलं त्यातून संकलनाच्या टेबलावर चित्रपट जुळवला. श्रेयनामावलीत दिग्दर्शकही दोन आहेत: दृश्यांसाठी टोनी पामर आणि पात्रांसाठी झॅपा. नजर कॅमेऱ्यात कोणी घालायची आणि नटाला कोणी सांगायचं, याची अशी वाटणी केली की काय होतं ते काही दृश्यांत उघड दिसतं. चित्र एकीकडे धावतं, माणूस दुसरीकडे.

इतक्या कमी वेळात हे शक्य झालं ते टेपमुळे. चित्रीकरण फिल्मवर झालंच नाही. दोन इंच रुंदीच्या टीव्ही टेपवर ते घेतलं आणि नंतर ३५ मिमी फिल्मवर उतरवलं. इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याने चित्रपट करण्याचे कृष्णधवल प्रयोग अमेरिकेत १९६४-६५ मध्ये झाले होते. रंगीत टेपवरून पूर्ण लांबीचा चित्रपट फिल्मवर आणणाऱ्यांत हा अगदी सुरुवातीचा. फिल्मवर दोन चित्रं एकमेकांत मिसळायची तर प्रयोगशाळेत थर एकावर एक छापावे लागत, दिवस मोडत, आणि निकाल धुऊन आल्यावरच कळे. टेपवर खटका फिरवला की मॉनिटरवर लगेच दिसतं, आवडलं नाही तर उलट फिरवायचा.

यातल्या तीन करामती ओळखता आल्या तर चित्रपट वाचता येतो. पहिली खोट्या रंगांची. टीव्हीच्या चित्रात काळा रंग म्हणजे शून्य व्होल्ट आणि पांढरा म्हणजे सुमारे ०.७ व्होल्ट. या पट्ट्याच्या पायऱ्या पाडायच्या आणि प्रत्येक पायरीला मनाला येईल तो रंग द्यायचा. गिटारवादकाचा गाल हिरवा, गालाखालची सावली जांभळी, कपाळ नारिंगी होतं ते असं. दुसरी, कॅमेरा त्याच्याच मॉनिटरकडे वळवायचा. चित्रात चित्र, त्यात पुन्हा चित्र, असे भोवरे उठतात आणि कॅमेरा जराही हलला की ते वितळतात. तिसरी क्रोमा-की: मागचा निळा पडदा काढून त्या जागी दुसरं दृश्य बसवणं. इथे तो काळ पकडला जातो. ब्रिटनच्या पॅल या टीव्ही पद्धतीत उजेडाचा तपशील पाच मेगाहर्ट्झच्या पुढे जातो, रंगाचा मात्र जेमतेम १.३ पर्यंत. म्हणजे रंग उजेडाच्या चौपट जाडाभरडा. कॅमेऱ्यातून लाल, हिरवा, निळा असे तिन्ही संकेत वेगळे असतानाच पडदा कापला तर कड बरी येते. टेपवर गेल्यानंतर कापायला बसलात तर कड दात विचकते. सगळ्यांत वाईट कड केसांची येते, आणि या बँडमध्ये झाडून सगळ्यांचे केस खांद्यापर्यंत.

टेपचा आणखी एक दोष जाणकाराला पटकन दिसतो. दोन इंची यंत्रात टेपला आडवी फिरणारी चकती असते, तिच्यावर चार हेड बसवलेले. पॅलमध्ये ती सेकंदाला २५० फेऱ्या घेते. म्हणजे सेकंदाला १,००० वेळा हेड टेपवरून जातं आणि दर वेळी, चित्र ज्या आडव्या ओळींनी बनतं त्यांतल्या १५-१६ ओळी लिहितं. चारांपैकी एक हेड जरी किंचित वेगळं लागलं असेल, तर चित्रावर तेवढ्याच रुंदीचे आडवे पट्टे उमटतात, एकाच्या रंगात किंचित लाली, शेजारच्यात किंचित हिरवट. त्यात प्रत्येक करामतीसाठी टेपची नक्कल काढायची, नकलेवर पुढची करामत, मग तिचीही नक्कल. तिसऱ्या-चौथ्या पिढीला पोहोचेस्तोवर दाणे वाढतात आणि पट्टे गडद होतात. म्हणून जिथे कल्पना सर्वांत मोकाट सुटली आहे, तिथेच चित्र सर्वांत मळलेलं आहे. ते मला दोष म्हणून खुपत नाही. एकावर एक किती थर चढले हे त्या मळावरून मोजता येतं.

मग टेप फिल्मवर उतरवायची. टेक्निकलर कंपनीच्या पद्धतीत चित्राचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन वाटे कृष्णधवल फिल्मवर वेगवेगळे घेत आणि ते एकावर एक बसवून रंगीत प्रत छापत. पॅलची चित्रं सेकंदाला २५, चित्रपटगृहाची २४. चित्रामागे चित्र सरळ उतरवलं तर सगळं चार टक्के सावकाश होतं. डोळ्याला ते कळत नाही, कानाला कळतं. पेटीवर शेजारच्या पट्टीपर्यंत जेवढं अंतर असतं त्याच्या सुमारे ७० टक्के सूर खाली बसतो. काळी दोनमध्ये धरलेला सूर पांढरी दोनच्या जरासा वर येऊन थांबतो. तीच फिल्म पुन्हा युरोपी टीव्हीसाठी डीव्हीडीवर नेली की २४ चे २५ होतात आणि सूर परत चढतो. साउंडट्रॅकचा अल्बम आणि चित्रपट शेजारी लावून ताडून पाहायचे असतील तर आधी एखाद्या लांब धरलेल्या स्वरावर पट्टी जुळते का ते पाहावं, नाहीतर वाद्यवृंदाला उगाच बेसूर ठरवलं जाईल.

मोठ्या पडद्यावर आणखी एक अडचण. पॅलच्या ६२५ ओळींपैकी प्रत्यक्ष चित्राच्या साधारण ५७५. नऊ मीटर रुंद पडद्यावर टीव्हीच्या आकाराचं चित्र पसरलं तर प्रत्येक ओळ सुमारे १.२ सेंटिमीटर जाडीची होते. पुढच्या रांगांत बसणाऱ्याला त्या मोजता येतील. घरच्या टीव्हीवर चित्र जास्त बरं दिसतं, फक्त दोन गोष्टी आधी बंद कराव्यात. शार्पनेस, कारण तो क्रोमा-कीच्या कडा आणि हेडचे पट्टे ठळक करतो. आणि मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय, कारण टेपवर एक चित्र दोन अर्ध्यांत, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने नोंदलेलं असतं. हात वेगाने हलला की कडेला कंगव्यासारखे दात येतात आणि टीव्हीचा संगणक त्या दातांनाच हालचाल समजून चित्र आणखी चिवडतो.

मूळ टेप आज नाहीत. दोन इंची टेप महाग होती, आणि काम झाल्यावर या टेप पुसून वापरलेला माल म्हणून विकल्या गेल्या. याची मला खरोखर हळहळ वाटते. आजच्या साधनांनी त्या टेप पुन्हा वाचता आल्या असत्या तर पट्टे आणि दाणे बऱ्याच अंशी निघाले असते, आणि न वापरलेले तुकडेही हाती लागले असते. आता जे काही सुधारायचं ते फिल्मच्या प्रतीवरूनच.

विनोदाची खरी गंमत मात्र चित्रात थोडी आणि कानात जास्त आहे. वाद्यवृंदाचे संचालक एल्गर हॉवर्थ. सेटवर वाद्यवृंदाला काटेरी तारांच्या आणि पहाऱ्याच्या बुरुजांच्या छावणीत बसवलं आहे आणि ते तिथून स्ट्राविन्स्की-व्हारेज या विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या वळणाचं अवघड संगीत वाजवतात. त्यावर कोरस अत्यंत गंभीर चेहऱ्याने मोटेलच्या आयुष्यातल्या क्षुल्लक गोष्टी गातो. एका गाण्यात गाव म्हणजे वेष्टनात बंद केलेलं टूना सँडविच. संगीत कुठेही डोळा मारत नाही. शब्दांची लायकी न पाहता ते आपलं काम पूर्ण प्रामाणिकपणे करतं. विनोदी संगीत लिहिणारे बहुतेक जण इथे चुकतात. शब्द पोरकट असले की ते वाद्यंही पोरकट करून टाकतात, आणि मग हसायला काहीच उरत नाही.

शब्द सगळीकडे पेलले आहेत असंही नाही. बँडमागे फिरणाऱ्या मुलींवरचे प्रसंग लांबतात, त्यांत मुलींना स्वतःचं म्हणण्यासारखं फार कमी आहे, आणि लैंगिक चेष्टेचा एक मोठा तुकडा दुसऱ्यांदा पाहताना केवळ कंटाळा आणतो. दौऱ्यावरचे पुरुष असंच बोलत, हे त्याचं समर्थन होऊ शकतं, पण ऐकलेलं सगळंच ठेवायचं नसतं. एरवी इतका काटेकोर असलेला माणूस इथे चाळणी लावायला विसरला.

याच शब्दांमुळे पुढचं प्रकरण झालं. चित्रीकरण संपताच, ८ फेब्रुवारी १९७१ रोजी, बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हेच संगीत वाजवणार होते. हॉलच्या व्यवस्थापनाने गाण्यांचे शब्द अश्लील ठरवून कार्यक्रम रद्द केला. झॅपा कोर्टात गेला. १९७५ साली खटला उभा राहिला, न्यायाधीशांसमोर ओळीओळीचा अर्थ सांगावा लागला, आणि तो हरला. लंडनला हे संगीत मैफलीत संपूर्ण ऐकायला २०१३ चा ऑक्टोबर उजाडला, तोही दुसऱ्या सभागृहात, रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये. त्याच महिन्यात लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने, म्हणजे मेहतांनी १९७० साली ज्या वाद्यवृंदासमोर हे कागद ठेवले होते त्यानेच, ते एसा-पेक्का सालोनेनच्या संचालनाखाली वाजवलं. झॅपा १९९३ सालीच गेला होता. चित्रपटाच्या पन्नाशीला, २०२१ मध्ये, साउंडट्रॅकचा सहा सीडींचा संच निघाला. वाद्यवृंदाचे तुकडे त्यावर आधी ऐकून मग चित्रपटाकडे यावं. पडदा एकदा डोळ्यांत घुसला की कान मागे पडतो.

शेवटच्या गाण्यासाठी मात्र पडदाच हवा. बाइकेल आपल्या भारदस्त आवाजात प्रार्थना सुरू करतो. त्यात इंग्लंडच्या लोकांवर दया करावी, बिचाऱ्यांना इतकं वाईट जेवण खावं लागतं, अशीही विनवणी आहे. मग कोरस मिसळतो, वाद्यवृंद चढत जातो, बँड येतो, सगळी पात्रं जमतात. गाणं चालू असतानाच गायक सांगू लागतात की आता हा स्टुडिओ रिकामा होईल, सगळं मोडून नेतील, वायरी उपसतील, आणि मग सांगतात: चित्रपटभर, रंगमंचावर असताना दर वेळी मी डावीकडे पाहत होतो, तुमच्या लक्षात आलं असेल. तो तिथे उभा आहे. हे सगळं तोच माझ्याकडून करून घेतोय.

रंगमंचावर झॅपा बँडला हाताच्या खुणांनी चालवायचा. बोटांची एक हालचाल झाली की ताल बदलायचा, मूठ वळली की सगळे एकदम थांबायचे. डावीकडे पाहिलं नाही तर पुढची मात्रा चुकणार. चित्रपट पहिल्यापासून लावा आणि या वेळी फक्त गायकांच्या डोळ्यांवर लक्ष ठेवा. सेंटरव्हिलमध्ये, तिथल्या खोट्या नाइटक्लबमध्ये, हिरव्या-जांभळ्या रंगांच्या भोवऱ्यातही, त्यांची नजर पुन्हा पुन्हा चौकटीच्या बाहेर जाते.